दोन पट्ट्या वर

चौदा धुलाई मशीनं एकदम घुसळायला लागली की हॉस्पिटलच्या तळघरात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. आता बोलण्यावाचून बायका राहतील होय? तिथल्या बाराजणींनी त्यावर तोडगा काढलेला आहे. त्या ओठ वाचतात. कोणी शिकवलं नाही, कुठे वर्ग लावला नाही, दहा-दहा वर्षं त्या गोंगाटात उभं राहून आपोआप जमत गेलं. या टोकाला उशांचे अभ्रे मोजणारी त्या टोकाच्या बाईला आपल्या जावेचं गाऱ्हाणं सांगते, तोंडातून आवाजसुद्धा न काढता, आणि मधल्या सगळ्याजणी खुदुखुदु हसतात. वरच्या मजल्यावरून कोणी साहेब पाहणीला आला की तो बिचारा चक्रावून जातो.

या बाराजणींवर देखरेख करणारी ती ताई. वय अठ्ठेचाळीस, अंगाने काटकुळी, डोक्याला कायम निळी टोपी, आणि साबणाच्या पाण्याने हाताच्या बोटांना पडलेल्या सुरकुत्या. तिचे ओठ मात्र कोणाला वाचावे लागत नाहीत. ती नुसती “अगं ए, सात नंबरचं दार!” असं म्हणाली, की चौदाही मशीनं गुमान ऐकत असल्यासारखी वाटतात. हाच आवाज घरी गेला की जातो कुठे, कोण जाणे. घरी ती इतकी हळू बोलते, की तिचा नवरा, जो दिवसभर बस चालवतो आणि ज्याचे कान इंजिनाने निम्मे गेलेत, तो दर वाक्याला “आँ?” म्हणतो. वीस-बावीस वर्षांचा संसार त्या “आँ”वर चाललेला आहे, आणि चांगला चाललेला आहे.

तर ही ताई एके काळी मेटल बँडची गायिका होती. हसू नका. बँडचं नाव ‘गंज’. मेटलच्या बँडला गंज म्हणायचं, हा विनोद बास वाजवणाऱ्या सरांचा. सर शाळेत गणित शिकवतात आणि आपला हा विनोद ते आजही भेटेल त्याला उलगडून सांगतात. गिटारवाला तेव्हा दातांच्या कॉलेजात शिकत होता, आता त्याचा स्वतःचा दवाखाना आहे. आणि ड्रम बडवायला ताईचा सख्खा थोरला भाऊ, दादा. त्याचं फोटोंच्या फ्रेमा करायचं दुकान. चौघं मिळून दादाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत धिंगाणा घालायची, आणि शेजारचा चष्मेवाला भिंत ठोकून ठोकून दमायचा. त्याने दोनदा तक्रार केली, तिसऱ्यांदा तो ऐकायला येऊन बसला. ताईला तिथे सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. ती लाजायची नाही, उलट कोणी नावाने हाक मारली तर रागवायची.

चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी एक कॅसेट काढली. एकच. चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर घरच्या घरी केलेली. त्यातलं शेवटचं गाणं ‘कुलूप’. त्या गाण्याच्या शेवटी भोंगा “उघड!” अशी जी काही आरोळी ठोकते, ती कॅसेटवर अकरा सेकंद चालते. ऐकणाऱ्याच्या मानेवरचे केस उभे राहतात. पोरांनी ती कॅसेट एकमेकांना उतरवून दिली, आणि बघता बघता ‘गंज’चं नाव झालं. वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या. त्यात गायिकेचं कौतुक होतंच, पण ड्रमवाल्याबद्दल लिहिलं होतं, ‘हात आहेत की पंखा?’ दादाने ते कात्रण स्वतःच्याच दुकानात फ्रेम करून लावलं.

मग परीक्षा आल्या, तीन महिने तालीम झाली नाही. पहिल्या कार्यक्रमाच्या आधी गिटारवाल्याने कॅसेट लावून त्याबरहुकूम गिटारीचे सूर लावले, आणि चौघं स्टेजवर चढली. हॉल खचाखच भरलेला. ‘कुलूप’ आलं. “उघड!” म्हणायला भोंग्याने तोंड उघडलं, आणि आवाज मध्येच चिरकला. पाटीवर खडू घासल्यासारखा. समोरच्या रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. दुसऱ्या कार्यक्रमात तेच. तिसऱ्यात तर ती त्या जागेच्या आधीच गप्प झाली. “माझा आवाज गेला,” एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिने लाँड्रीतली नोकरी धरली. वय वर्षं चोवीस.

त्यानंतर ‘गंज’ने एकामागून एक तीन गायक आणले. पहिला दोन वर्षांत पळाला. दुसऱ्याने ‘कुलूप’ म्हणायला चक्क नकार दिला. तिसरा जिद्दीचा होता, तो सहा वर्षं त्या आरोळीच्या मागे लागला आणि शेवटी महिनाभर डॉक्टरांनी त्याला पाटीवर लिहून बोलायला लावलं. लोक म्हणायचे, भोंग्याची सर कोणाला यायची नाही. ताईच्या कानावर ते यायचं. तिला वाटायचं, मलाही कुठे आली माझी सर?

आणि आता, इतक्या वर्षांनी, कोणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर चढवली. नव्या पोरांना वेड लागलं. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने दादाला फोन केला: नवा अल्बम काढू, नऊ गाणी, त्यात ‘कुलूप’ पुन्हा हवंच. अट एकच. गायिका पहिलीच हवी. ती नसेल तर अल्बम नाही.

दादा बहिणीच्या घरी आला तेव्हा तिने दोन तास नाही-नाही म्हटलं. शेवटी नवरा बसल्या जागेवरून म्हणाला, “मी तुला गाताना कधी ऐकलंच नाही. एकदा ऐकू तर दे. माझे कान पूर्ण जायच्या आधी.” ती हो म्हणाली.

महिना होता हातात. ताईने लाँड्रीलाच तालमीची जागा केली. कानात इअरफोन, त्यात चोवीस वर्षांपूर्वीची ती स्वतः, समोर चादरी ओढून घेणारा इस्त्रीचा मोठा रोलर, आणि सभोवती एवढा गोंगाट की कितीही किंचाळलं तरी कोणाला त्रास नाही. बायका ओठ वाचून विचारायच्या, “आलं का?” ती मान हलवायची. नाही आलं. रोज नाही आलं. बाकीचं गाणं कसंबसं ओढलं जायचं, पण “उघड!”पाशी गळा नुसता दार लावून घ्यायचा. गरम पाणी झालं, वाफ झाली, मध झाला. हॉस्पिटलातल्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, “ताई, तुमचा घसा ठणठणीत आहे हो. विशीतल्या पोरीचा असावा तसा.” हे ऐकून ताईला बरं वाटायच्या ऐवजी रडूच आलं. घसा ठीक आहे म्हटल्यावर दोष द्यायला आता दुसरं काही उरलंच नाही. म्हणजे मीच कमी पडते, एवढाच त्याचा अर्थ.

बारा दिवस राहिले होते. तिने दादाला फोन केला. “मला नाही जमायचं दादा. तेव्हाही जमलं नव्हतं, आताही नाही. कंपनीला कळवून टाक. पुन्हा मला यात ओढू नका, हात जोडते.”

दादा पलीकडून नुसतं “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. बोलका माणूस इतका थोडक्यात आटोपतो म्हणजे काहीतरी शिजतंय हे तिला कळायला हवं होतं, पण ती आपल्याच दुःखात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो थेट लाँड्रीत हजर. बाहेरच्या माणसाला आत येताना टोपी घालावी लागते, ती त्याच्या टकलावर कशीबशी अडकवलेली. चेहरा उतरलेला. ताई रोलरच्या कळा बघत वाकलेली होती, तिने नुसतं हाताने ‘थांब’ म्हटलं. पण दादाला थांबवत नव्हतं. रात्रभर घोकून आलेला असावा. तो तिच्या पाठीशी उभा राहिला आणि बोलायला लागला, अगदी हळू, पुटपुटत. इतका गोंगाट आहे, कोणाला काय ऐकू जातंय, असा त्याचा हिशोब. शरमेने खाली बघायचं सोडून तो नेमका समोरच्या टेबलाकडे बघत होता, जिथे बाराजणी अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या.

त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

पहिल्या वाक्याला घड्या थांबल्या. दुसऱ्या वाक्याला सगळ्यांत वयस्क मावशीच्या हातातला अभ्रा खाली पडला. तिसऱ्या वाक्याला बाराच्या बारा तोंडं उघडी.

ताईने मान वर केली. बायकांचे चेहरे बघून तिला वाटलं कोणाचा हात मशीनमध्ये गेला. “काय झालं?” ती ओरडली. मावशीने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि मग आवाज न काढता, एकेक शब्द सावकाश ओठांनी पाडत सांगितलं: कॅसेट काढताना तुझ्या भावाने रेकॉर्डरचं वेगाचं बटण फिरवलं. त्याचा हात संथ पडत होता म्हणून. गाणं पळवलं. त्याबरोबर तुझा आवाजही वर चढला. ते तुझं गाणंच नव्हे. तू त्या पट्टीत कधी गायलीच नव्हतीस.

सख्ख्या भावाची कबुली तिला अशी, हॉलभर अंतरावरून, परक्या बाईच्या ओठांवरून मिळाली.

ती दादाकडे वळली. “खरं?”

दादाने मान डोलावली. टोपी घसरून नाकावर आली.

आता तिने त्याला फाडून खायला हवं होतं की नाही? तिचा तो आवाज, ती तळघर हलवणारी हाक, ऐन वेळी घशातून बाहेरच येईना. ती बोलली, भरपूर बोलली, चांगली दोन-तीन मिनिटं, पण सगळं नुसत्या ओठांनी. दादाला ओठ वाचता येत नाहीत, त्याला एक अक्षर कळलं नाही. बाराजणींना मात्र सगळं कळलं. त्यांतल्या दोघींनी कानांवर हात ठेवले, सवयीने. बाकीच्यांनी ते भाषण मनात जपून ठेवलंय, पण काय होतं ते विचाराल तर सांगत नाहीत. छापण्यासारखं नव्हतं म्हणतात.

बोलून झाल्यावर तिने एका ओल्या-कोरड्या चादरीची दोन टोकं दादाच्या हातात कोंबली. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही, दोघं लागतात. चादर संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. भाऊ-बहीण समोरासमोर उभी, चादर ताणायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब जायचं. दर वेळी जवळ आलं की दादा काहीतरी बोलायला जायचा आणि ती दुसरी चादर उचलायची. साठ चादरी झाल्या. दादाचे ड्रमवाल्याचे दंड, ते थरथरायला लागले.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मशीनं थांबली. आता बोललेलं ऐकू येत होतं.

“आधी फक्त माझ्या ड्रमसाठी फिरवलं गं,” दादा म्हणाला. “आवाज चढेल हे डोक्यातच आलं नाही. तुझा आवाज स्टेजवर चिरकला तेव्हा कळलं. गिटारी कॅसेटवरच्या चढलेल्या सुराला लावल्या होत्या. सांगणार होतो. पण ते पेपरमध्ये आलं होतं ना... हात आहेत की पंखा. मग म्हटलं पुढच्या वेळी सांगू. मग तू सोडून गेलीस. मग सांगायला तोंडच राहिलं नाही.”

“आणि त्या तिघांचे घसे?”

“त्यांचंही पाप माझ्याच डोक्यावर.”

“माझं सांगते तुला,” ताई म्हणाली. “मुलगी लहान होती तेव्हा तिला झोपवताना मी कधी गुणगुणलेसुद्धा नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, आवाज चिरकेल आणि पोर दचकून उठेल. चोवीस वर्षं, दादा. पंख्याची हवा खात बसलास.”

दादा हमसून हमसून रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्यावर निळी टोपी, घडी घातलेल्या चादरीत तोंड खुपसून.

“ती धुतलेली आहे,” ताई म्हणाली. “ओली केलीस तर तूच इस्त्री करशील.”

त्यावर पहिल्यांदा मावशी हसली. मग सगळ्या हसल्या. आणि ताईलाही हसू फुटलं, राग तसाच धगधगत असताना. दोन्ही एकदम होतं कधीकधी, त्याला इलाज नाही. हसता हसता तिच्या डोक्यात पहिल्यांदाच नीट शिरलं की आपला आवाज कधी गेलाच नव्हता. तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

“एक गाणं,” तिने दादाला बजावलं. “फक्त ‘कुलूप’. ते नीट झालं तर पुढचं बघू, नाही झालं तर मी घरी. आणि आधी मी गाणार. एकटी. तू मागून वाजवायचंस. माझ्या मागून, कळलं?”

स्टुडिओ म्हणजे गालिच्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. यंत्रांपाशी बसलेली रेकॉर्डिंगवाली मुलगी ‘कुलूप’ ऐकत मोठी झालेली. तिने ताईला बघून हात पुढे केला आणि मग मिठीच मारली. सरांनी तोवर कागदावर गणित मांडलं होतं. बटण दादाने जवळपास टोकाला नेलं होतं, म्हणजे वेग शेकडा बाराने वाढला, म्हणजे चार मिनिटांचं गाणं मुळात साडेचार मिनिटांचं, आणि सूर दोन पट्ट्या वर. “सिद्ध झालं,” सर म्हणाले. गिटारवाला त्याप्रमाणे तारा उतरवायला लागला, तेव्हा ताईने त्याला थांबवलं.

“कागदावरून नको. मी गाते. तुम्ही मला शोधा.”

ती काचेपलीकडच्या खोलीत गेली. नवरा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता, बस डेपोत लावून गणवेशातच आलेला. ताईने कोणाकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि ‘कुलूप’ची पहिली ओळ म्हटली, मागे काही वाद्य नसताना, जशी यायची तशी. गिटारवाल्याने हळूच तार छेडून सूर शोधला आणि जागीच थांबला. बरोबर दोन पट्ट्या खाली. चोवीस वर्षं गळ्याने आपली जागा सोडली नव्हती. दातवाल्या डॉक्टरने चष्मा काढून पुसला.

मग तिने पूर्ण गाणं म्हटलं. कॅसेटवरचा आवाज पातळ आणि धारदार होता. हा त्याहून जाड, छातीतून येणारा, आपल्याच वजनाने चालणारा. “उघड!” ची जागा आली तेव्हा काचेअलीकडे कोणी श्वास घेतला नाही. ताईने घेतला, पोटभर. आणि सोडला. टेबलावरचे कप थरथरले. खालून गालिचेवाला जिन्यात येऊन उभा राहिला. सर घड्याळाकडे बघत होते, ते त्यांच्याने सुटत नाही. “चौदा सेकंद,” ते पुटपुटले. “कॅसेटवरचे अकरा म्हणजे मुळात साडेबारा. त्यापेक्षाही दीड जास्त.”

नवरा स्टुलावरून उठून उभा राहिला होता. या वेळी तो “आँ?” म्हणाला नाही.

आता दादाची पाळी. तो ड्रमपाशी बसला, कानात बहिणीचा आवाज, आणि पळाला. सवयच ती. खोट्या वेगाची लाज झाकायला त्याने इतकी वर्षं इतका घाम गाळला होता, की तो खरोखरच तितका वेगवान झाला होता. आता त्याला सावकाश वाजवताच येईना. ताई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“मागे,” ती म्हणाली.

पुन्हा पळाला. “मागे म्हटलं ना.”

सहा वेळा. सातव्या वेळी त्याने काड्या खाली ठेवल्या, हात झटकले, आणि पेपरमधल्या त्या चार ओळी विसरून जायचं ठरवल्यासारखा बहिणीच्या तोंडाकडे बघत बसला. मग वाजवायला लागला. ती समोर उभी राहून ओठ हलवत होती, तो तिचे ओठ बघत होता, एकेक शब्द ओळखून त्याच्यामागे एकेक ठोका ठेवत होता. पूर्ण साडेचार मिनिटं तो तिच्या पुढे गेला नाही.

रेकॉर्डिंगवाल्या मुलीने गाणं सगळ्यांना ऐकवलं. ताई भिंतीला टेकून उभी होती. शेवटची आरोळी संपली आणि ड्रमचा शेवटचा ठोका पडला.

“मी चोवीसची होते तेव्हाही अशीच गायचे?” तिने विचारलं.

“अश्शीच,” दादा म्हणाला. “तू मला माफ केलंस का गं?”

“ते सावकाश बघू,” ताई म्हणाली. “तुला आता सावकाश जमायला लागलंय.” तिने डोक्यावर हेडफोन चढवला, काचेपलीकडच्या खोलीत गेली, आणि रेकॉर्डिंगवाल्या मुलीला खूण करून विचारलं, “पुढचं कुठलं?”